पोटदुखीनं कोणी मरत नाही

डॉ. कुसुमताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहायला मला सांगितलं, हे अजून खरं वाटत नाही. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला. पण बाईंबद्दल लिहायचं म्हटलं की हात थांबत नाही.

बाईंची पहिली भेट दवनीवाड्यात, रूपालीच्या दारात झाली. रूपाली म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं आहे ती. तिचे वडील एका पहाटे पोट धरून उठले आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच गेले. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं गेलं 'पोटदुखी'. बाकीचं गावानं जोडलं: पोरीच्या प्रेमापायी बापानं विष घेतलं. रूपालीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तिला मामाकडे धाडायचं ठरलं. असं बोलणाऱ्या एकाची कॉलरही मी धरली होती.

तेरवीनंतर मृत्यूचं खरं कारण विचारायला आरोग्य केंद्रातून बाई आल्या, तेव्हा मी आडवा उभा राहिलो. "आता कायले आल्या जी? मेलेल्या माणसाले काय विचारता?"

"मेलेल्याला नाही, जवळ बसलेल्याला विचारते. पोटदुखीनं कोणी मरत नाही रे, पोट काऊन दुखलं ते शोधावं लागते. तुझा राग चांगला आहे, पण वाटेत उभा आहे. सरक."

माहिती द्यायला पुरुष मंडळी बाहेर खुर्च्या मांडून बसली होती. बाई त्यांना नमस्कार करून थेट चुलीजवळ गेल्या. शेवटचं पाणी ज्यानं पाजलं त्याला आधी विचारायचं, ही त्यांची पद्धत.

"तोंडाला फेस होता? फवारणीच्या औषधाचा वास?"

"काहीच नाही जी," रूपालीची आई म्हणाली. "पापण्या पडून राहिल्या होत्या. बोलणं जड झालं. पाणीही गिळेना."

"निजले कुठं होते?"

"खालीच. धानाच्या पोत्यांपाशी."

"मग हा मण्यार साप, ताई. पोत्यांत उंदीर, उंदरांमागं तो. झोपेत चावला तर कळतही नाही, खूण दिसत नाही. त्यांनी विष घेतलेलं नाही."

बाहेर येऊन बाईंनी हेच खुर्च्यांवरच्यांना मोठ्यानं सांगितलं. रूपाली दारामागं होती. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. पुढं पाठपुरावा करून बाईंनी नोंदही दुरुस्त करवून घेतली.

मी आरोग्य केंद्रात जाऊन काम मागितलं. "गरम डोक्याचा आहेस," बाई म्हणाल्या. "चालेल. प्रश्न विचारून झाला की तोंड बंद ठेवायचं, एवढं शीक." आता गावोगाव, माणूस कसा गेला ते मी विचारतो. एका घरी म्हातारीला रडू आवरेना, तर बाईंनी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि तांदूळ पाखडत बसल्या. त्या दिवशी एकही प्रश्न नाही.

आणि मागच्या पावसाळ्यात आमच्याच गावात एका काकूच्या पापण्या पडू लागल्या, तशी पोरांनी मण्यार ओळखून तिला मोटारसायकलवर मधे बसवून तडक दवाखान्यात आणलं. वेळेवर सापाच्या विषावरची लस मिळाली. काकू आज शेतात जाते, आणि पोरांना शिव्याही देते.

बाईंना निरोगी, शंभरी ओलांडणारं आयुष्य लाभो. स्वार्थ लपवत नाही: रूपाली मामाकडे गेली नाही, आणि तिची आई म्हणते, "लग्नाचं बोलायले डॉक्टर बाईले घेऊन ये, तुझं मी काही ऐकत नाही." तेव्हा बाई, तब्येत सांभाळा. तारीख तुम्ही सांगाल ती.