एफीचा पियानो आणि लॉकीच्या टाचा

पोर्ट कॅलम या कोळ्यांच्या गावात नुसतं एफी मॅकेकर्न म्हणून विचारलंत तर कुणी पत्ता सांगणार नाही. अर्ध्या गावाचं आडनाव मॅकेकर्न, आणि प्रत्येक गल्लीत एक तरी एफी आहेच. ‘डॅन ॲलेकची एफी’, असं बापाच्या नावासकट म्हटलं की मात्र माणूस हातातलं काम टाकून घर दाखवतो आणि वर विचारतो, “आज कुठं वाजवणार आहे ती?” कारण एफी जिथं, नाच तिथं.

लग्न असो, बारसं असो, मयताच्या घरची बैठक असो, फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, कुणाच्याही हातात असेना का, पियानोवर एफी ठरलेली. दिवसभर शेवंडांच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या मशीनशेजारी उभं राहायचं, घरी येऊन हाताचा वास जाईपर्यंत लिंबू चोळायचं आणि चर्चच्या हॉलमध्ये जाऊन पियानोवर बसायचं, यात तिचं आयुष्य गेलं आणि मजेत गेलं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. फादर म्हणायचे, कबुलीजबाबाला एफी आली की मला पापक्षमा द्यायलासुद्धा मध्ये जागा सापडत नाही.

या बडबडीमागे एक कारण होतं, आणि ते एफीशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी एफीची समजूत होती. त्या मशीनने तिचे कान खाल्ले होते. आधी पक्षी गेले, मग फोनची घंटा, मग फादरचं प्रवचन, ज्याचं तिला फारसं दुःख झालं नाही. आता समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं कळायचं. पाठमोरा माणूस म्हणजे भिंत. म्हणून आपणच बोलत राहायचं, समोरच्याला बोलू द्यायचंच नाही.

आणि पियानो? त्याचं असं आहे, की त्या किनाऱ्यावर फिडल वाजवणारा पुढं काय वाजवणार हे कधी सांगत नाही आणि पियानोवाली विचारत नाही. विचारणं म्हणजे कमीपणा. संथ धून चालू असते, गडी मध्येच उडी मारून नाचाच्या धुनेत शिरतो, आणि पियानो त्याच्या पाठोपाठ तिथं हजर असायलाच हवा. एफी ते दोन गोष्टींवर निभावून न्यायची. डोळ्यांत तेल घालून गज धरलेल्या हाताचा कोपर बघायचा, आणि तळव्यांनी फळ्या ऐकायच्या. तिकडचा फिडलवाला खुर्चीत बसून वाजवतो आणि टाच जमिनीवर आपटत राहतो. हॉलच्या लाकडी फळ्यांमधून ती टाच एफीच्या पायांत शिरायची, गुडघ्यांतून वर चढायची आणि बोटांत उतरायची. कान गेले तरी तिचा हात कधी चुकला नाही.

दर ऑगस्टमध्ये गावच्या किनाऱ्यावर संगीताचा मोठा मेळा भरतो. हॅलिफॅक्सची रॅप करणारी पोरं येतात, शेटिकॅम्पचे फ्रेंच गाणारे येतात, एस्कासोनीचे मिगमॉ आदिवासी ढोलवाले येतात, पार मिसिसिपीहून ब्लूज गाणारी एखादी बाई येते. मॉन्ट्रियलचं एक टोळकं येतं, काळे कपडे, नाकात वाळ्या, आणि गाणं असं की गोठ्यातल्या गाई आटाव्यात. पण पोरं गुणाची. जेवण झालं की आपापले वाडगे विसळून ठेवतात, त्यामुळे चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप, वाढणाऱ्या चर्चच्या बायकांचा त्यांच्यावर भारी जीव.

त्या वर्षी रविवारची शेवटची वेळ लॉकीला मिळाली होती. लॉकी याच गावचा. त्याची आई एफीच्या शेजारच्या मशीनवर होती, आणि पोरगं फिडल शिकलं ते एफीच्या स्वयंपाकघरात, ओटकेक खात खात. आता तो टोरोंटोला असायचा, मागं ड्रम, गिटार, दिव्यांचा लखलखाट, आणि हा मंचभर उड्या मारत वाजवायचा. पण या खेपेला त्याने कळवलं, “बँड आणत नाही. मी आणि एफी आंटी, बस्स.”

एफीने नवा निळा ब्लाऊज शिवून घेतला. निरोप आल्यापासून तिला दुसरा विषय नव्हता. नवरा आर्ची शेवंडांचे सापळे दुरुस्त करता करता नुसता मान हलवायचा. आर्चीचं बोलणं मुळातच कमी. लग्नाला हो म्हणून झाल्यावर त्याने विश्रांती घेतली, असं एफी सांगायची.

रविवारी दुपारी आवाज जुळवायला म्हणून ती मंचावर चढली आणि तिने आधी पायांखाली बघितलं. कोळ्यांनी ठोकलेला जुना फळ्यांचा मंच हिवाळ्याच्या वादळात वाहून गेला होता. नवा होता लोखंडी, आणि त्यावर जाड काळं रबर. पियानोही हॉलमधला नव्हे, लोखंडी पायांवरचा विजेचा. लॉकीच्या पायांत पळायचे बूट.

लॉकीने सुरुवात केली. एफीने कोपर पकडला. थोडा वेळ बरं चाललं. मग लॉकी वाजवता वाजवता चालायला लागला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आता कोपर नाही आणि टाचही नाही. एफी आपली संथ धुनेचे सूर देत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. आवाजाच्या यंत्रांपाशी बसलेल्या पोरीने कसंनुसं तोंड केलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की लॉकी केव्हाच नाचाच्या धुनेत गेलाय आणि आपण मागंच राहिलोय.

ती थांबली. लॉकी वळला.

“हात गारठलेत माझे,” एफी म्हणाली. ऊन इतकं होतं की मंचाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता.

“बरं,” लॉकी म्हणाला.

“पियानोला ॲनाबेलची पोरगी घे तू. छान वाजवते. मी म्हातारी झाले.”

“मला ॲनाबेलची पोरगी नको.”

“अरे, गोड वाजवते! माझ्यासारखी बडबडसुद्धा करत नाही.”

लॉकीने खाली रबराकडे पाहिलं, एकदा बूट आपटून बघितला, आणि तडक उतरून गेला. पोरगं रागावलं, एफीला वाटलं.

ती तंबूत जाऊन चाउडर वाढायला उभी राहिली. मॉन्ट्रियलच्या पोरांना दोन-दोनदा वाढलं, तेही न विचारता. आता गावाला कळणार. कळलं की कुणी वाईट बोलणार नाही, तेच तर वाईट. गोड बोलून तिला पियानोवरून उठवतील, पहिल्या रांगेत बसवतील, गुडघ्यांवर शाल घालतील आणि ॲनाबेलच्या पोरीने वाजवलं की तिच्याकडे बघून टाळ्या वाजवतील. त्यापेक्षा आत्ताच घरी जावं, डोकं दुखतंय म्हणावं. तिने एप्रन सोडला आणि ती आर्चीला शोधायला निघाली. आर्ची नव्हता. त्याची गाडीही नव्हती.

गाडी दिसली ती वाळूवरून थेट मंचाकडे येताना. मागं काहीतरी मोठं पांढरं आडवं टाकलेलं. आर्ची आणि लॉकीने ते दोन बाजूंनी धरून वर चढवलं. मेळ्याची व्यवस्था बघणारी शहरातली बाई धावत आली.

“हे काय आहे?”

“दार,” आर्ची म्हणाला.

“ते दिसतंय मला. कशाला?”

“माझं आहे.”

एवढ्या उत्तराने आर्चीच्या दृष्टीने विषय संपला होता. त्याने दार रबरावर आडवं टाकलं, त्यावर पियानोचं स्टूल ठेवलं, स्टुलाला लागून एक लाकडी खुर्ची ठेवली. एफी धापा टाकत वर आली. दाराला कडी तशीच होती आणि खाली कुत्र्याने ओरबाडल्याच्या खुणाही होत्या.

“आर्ची, हे आपल्या स्वयंपाकघराचं दार आहे.”

“हो.”

“घर उघडं टाकून आलास?”

“न्यायला आहे काय आत? तू इथं, मी इथं.”

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. नुसते मोजे. त्याचे चर्चला जायचे कातडी तळव्यांचे बूट लॉकीच्या पायांत होते.

एफी त्या बुटांकडे बघत राहिली. मग आर्चीकडे बघितलं. तो तिच्या अगदी समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून उभा होता, म्हणजे ओठ नीट दिसावेत. घरी बोलतानाही तो नेहमी असाच समोर येऊन उभा राहायचा. प्रेमाने येतो, असं ती समजत होती.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“बरीच वर्षं झाली. मी घोरतो म्हणून भांडायची थांबलीस, तेव्हापासून.”

“आणि या कार्ट्याला तू सांगितलंस?”

“मला कुणी सांगायला कशाला हवं?” लॉकी म्हणाला. “तुझ्याच स्वयंपाकघरात शिकलो ना मी. टाच जरा हळू पडली की खेकसायचीस, पोरा, जिवंत आहेस का म्हणून. दुपारी माझंच चुकलं आंटी. शहरात राहून मी उभा राहून वाजवायला लागलो. आज बसतो.”

एफीला आधी राग आला, आणि चांगला सणसणीत आला. “दोघांनी मिळून मला खुळ्यात काढलंत होय! मी इकडं जिवाचा आटापिटा करून लपवतेय आणि तुम्ही...” पुढचं तिला सुचेना. एफीला शब्द सुचत नाही हे बघून आर्ची घाबरला आणि मोज्यांनीच खाली उतरून गेला.

संध्याकाळी ऊन कलल्यावर एफी आणि लॉकी दारावर बसले. लॉकीने गज टेकवला आणि टाच आपटली. ठाक! ती दारातून निघाली, एफीच्या तळव्यांत शिरली, गुडघ्यांतून वर चढली. तिचा जीव भांड्यात पडला. बोटं आपोआप चालायला लागली. लॉकीने संथ धून घेतली, एफी त्याच्या सोबत होती. तो मध्येच उडी मारून नाचाच्या धुनेत शिरला, ती आधीच तिथं पोचलेली. लोकांनी हात वर केले. ब्लूज गाणारी बाई मंचाच्या कडेला उभी राहून डोलत होती.

मग एफीने मान वर करून समोर बघितलं.

हजारो लोक नाचत होते, उड्या मारत होते. पण अगदी पुढं, दोरीला चिकटून, पोर्ट कॅलमची माणसं उभी होती आणि त्यांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. फादर होते. कारखान्यातल्या बायका होत्या. ॲनाबेल होती, तिची पोरगी होती, मोज्यांतला आर्ची होता. कुणी नाचत नव्हतं. सगळे एका ठिकाणी उभे राहून, एफीकडे तोंड करून, ठेक्यात टाचा आपटत होते. हॉलमध्ये ते नेहमीच असे आपटायचे. काय मेले नाचवेडे लोक आहेत, असं एफी दरवेळी कौतुकाने म्हणायची.

वाळूत टाच आपटून काय पोचणार? आवाज नाही, हादरा नाही, नुसती वाळू उडत होती. जन्म किनाऱ्यावर गेलेल्या माणसांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे. ॲनाबेलची एक चप्पल वाळूत गडप झाली, तिने दुसरी काढून फेकली आणि अनवाणी टाच आपटायला लागली. फादर घामाने निथळत होते, तरी थांबत नव्हते.

एफीचे डोळे भरून आले, इतके की लॉकीचा कोपर दिसेना, गज दिसेना, समुद्रही दिसेना. तिने डोळे पुसायला हात उचलला नाही. दोन्ही हातांना काम होतं.