त्याच्या वाट्याचा भात

नवरा गेला त्यानंतर कितीतरी महिने मी दोघांचा स्वयंपाक करत राहिले. मुद्दाम नव्हे. तांदूळ धुवायला घेतले की हात आपोआप तेवढेच घेई. उरलेलं टाकवत नसे. इथे टोकियोच्या कोतो भागात ओला कचरा ठरलेल्या दिवशी पारदर्शक पिशवीत बांधून इमारतीखाली ठेवावा लागतो. त्या पिशवीतून त्याच्या वाट्याचा भात दिसावा, हे मला सोसलं नसतं. मग मी तो खाऊन टाकी. भूक आहे की नाही, हे विचारायची सवयच मोडली.

वजन वाढलं. गुडघे दुखू लागले. साखर वाढत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी नोकरीमुळे टोकियोतच, पण दुसऱ्या टोकाला वेगळी राहते. एका रविवारी तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "आई, तू बाबाचंपण जेवतेस."

एरवी ती माझ्याशी निम्मं जपानीतच बोलते. हे मात्र मराठीत म्हणाली.

त्सुकुबा शहराच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी उपवास करवून घेणारं एक जुनं निसर्गोपचाराचं घर आहे. डॉक्टरांना विचारून तिनेच तिथे माझं नाव घातलं. मी निर्धास्त होते. चतुर्थ्या, एकादश्या, श्रावणातले सोमवार करत मोठी झालेली मी. मला उपवासाचं काय मोठं? बॅग भरताना आठवणीने राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा घेतला.

ते घर चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ताठ, खणखणीत आवाजाच्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांपुढे वेताची टोपली फिरवली. खाण्याचं जे काही जवळ असेल ते टोपलीत ठेवायचं, जाताना परत मिळेल. माझ्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी जड मनाने चॉकलेटं ठेवली. मी गाडीत घेतलेली बिस्किटं ठेवली आणि लाडवांचा डबा उशाशी ठेवून दिला. ते तर उपवासाचेच होते.

सकाळी बाईंना डबा दिसला.

"हे काय?"

"लाडू. उपवासाचे."

"उपवास सोडताना खायचे?"

"नाही, उपवासातच. यात धान्य नाही ना."

बाई चटईवर बसल्याच. "मग चालतं तरी काय काय?"

मी सांगत गेले. साबुदाणा, बटाटे, रताळी, शेंगदाणे, दूध, केळी, सगळ्यावर तूप. शिक्षिकाबाईंचे डोळे मोठे होत गेले.

"एवढं तर आम्ही नववर्षालाही खात नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा जन्म मला तुमच्याकडे हवा. मी रोज उपवास करीन!"

'एकादशी, दुप्पट खाशी.' खिचडीची कढई खरवडताना नवरा दर वेळी हे म्हणायचा, आणि स्वतः उपवास न करता निम्मी खिचडी संपवायचा. मोडक्यातोडक्या जपानीत मी त्यांना तेही सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांनी पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. मीही हसले. तो गेल्यानंतर त्याच्याबद्दल बोलताना हसू आलं, ते तेव्हाच. डबा अर्थात टोपलीत गेला.

मग खरा उपवास सुरू झाला. गाजर-सफरचंदाचा रस, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, पातळ पाणी, आल्याचा चहा. आधी डोकं दुखलं, जिभेवर पांढरा थर आला, शिक्षिकाबाई चिडचिड्या झाल्या. बाई रोज प्रत्येकाची जीभ बघत, पोट तळहाताने चाचपत. अंगात साचलेलं निघून जातंय, असं त्या म्हणत. त्यातलं विज्ञान किती, मला सांगता येणार नाही. पण जेवणाच्या वेळा त्या घरात मोडत नसत, याचं मला फार अप्रूप वाटलं. सगळे आपापल्या ठेंगण्या मेजाशी बसत, हात जोडत आणि कपभर रस जेवणाच्या सावकाशीने पीत. घरी मी हल्ली ओट्याशी उभ्यानेच जेवत होते.

आणि एका सकाळी देवदारांखालून चालताना पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. मी थबकले. दुखतंय का म्हणून शिक्षिकाबाईंनी विचारलं. नाही, म्हटलं, भूक लागलीय.

उपवास सोडायला तांदळाची पेज होती आणि आंबट खारवलेला उमेबोशी, इथलं जर्दाळूच्या जातीचं फळ. पेज ज्याची त्याने वाढून घ्यायची. "पोट मागेल तेवढीच घ्या," बाई म्हणाल्या, "पुन्हा घेता येते." मी एक पळी घेतली. सवयीने हात दुसरीसाठी गेला. पळी भरलीही. ती पातेल्यावर धरून मी उभी राहिले. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही. त्या पेजेचा वास आमच्या घरच्यासारखाच होता. मग मी ती पळी हळूच परत ओतली.

जाताना माझा डबा मला परत मिळाला. बाईंनी तो कापडात बांधून दिला होता.

पुढच्या रविवारी मुलगी न कळवता आली. माझ्यापुरताच लावलेला भात खाऊन मी नुकतीच उठले होते. तिने थेट पातेल्यावरचं झाकण उचललं.

"आई, मला काहीच नाही?"

"तू येणार हे सांगितलं नव्हतंस."

ती रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रुसली. "योकात्ता," ती जपानीत पुटपुटली. बरं झालं. मग नाक पुसत तिने लाडवांचा डबा ओढून घेतला आणि मी तिच्यापुरते तांदूळ धुवायला उठले.