जंतूंचा स्वयंपाक

तिसरं करडू माझ्या मांडीवरच गेलं. मान मागे वळली, पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आधीची दोन सकाळी गोठ्यात मरून पडलेली सापडली होती. चार शेळ्या अजून उभ्या होत्या, पण त्यातली एक दात खायला लागली होती. ती सुनेची शेळी, तिच्या माहेरहून आलेली, गाभण.

सून म्हणाली, "आत्याबाई, पान लागलं वाटतंय."

"साप काय तिघांना चावत फिरला व्हय? काल काय घातलंस यांना?"

ती म्हणाली, "पोळा व्हता. बैलाला चारून उरलेलं पुरण घातलं. त्यांनाबी सण नको का?"

"किती?"

"पातेलंभर."

डाळ आणि गूळ. काय झालं ते मला तिथंच कळलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण परभणीत जनावरांच्या लसी करायच्या एका प्रयोगशाळेत मी वीस वर्षं जंतूंचा स्वयंपाक केलाय. मांस शिजवायचं, रस गाळायचा, त्यात साखर घालायची आणि हवा लागणार नाही अशा बाटल्यांत भरायचा. त्या रसात शेळीच्या आतड्यातला जंतू वाढवायचे आणि त्याच्या विषापासून लस करायचे.

एकदा साखर कमी पडली. मी अर्धीच टाकली आणि कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी रस ताकासारखा गढूळ झाला, म्हणजे जंतू झकास वाढले होते. पण तो गाळून ज्या पांढऱ्या उंदरांना टोचला, ते मरायचे सोडून पिंजऱ्यात उड्या मारत होते. प्रयोगशाळेतल्या सरांनी मला बोलावलं.

"मावशी, साखर चहात गेली का?"

"न्हाई सर. कमी व्हती, अर्धीच टाकली."

सर उंदरांकडे बघून म्हणाले, "हे तुमचे आभार मानायलेत." मग त्यांनी सांगितलं, या जंतूला नुसतं वाढायला थोडकं पुरतं. विष तो भरपूर करतो ते मांसाच्या रसासोबत गोडही पुरेसं मिळालं की. तेव्हापासून मी साखर तोलूनच टाकली.

हा जंतू शेळीच्या पोटात थोडाफार असतोच. कडब्यावर तो गप्प पडून राहतो. आमच्या घरानं त्याला पातेलंभर पुरण वाढलं. आणि पावसाळ्याआधीची लस यंदा मीच पुढं ढकलली होती. ज्या बाईनं वीस वर्षं लसीची भांडी घासली तिनं असं करायला नको होतं. तो दोष सुनेचा नाही.

मी गव्हाण रिकामी केली, पालमच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि चारही शेळ्यांच्या तोंडाला मुसकी बांधली. सून रडत गाभणीचं मुसकं ओढायला लागली.

"गाभणीला उपाशी मारता का?"

"तिला न्हाई. तिच्या पोटातल्या जंतूला उपाशी मारायलेय. हात काढ त्या मुसक्यावरनं."

तिनं हात काढला, पण शेळीजवळून हलली नाही.

डॉक्टर दुपारच्या आत आला. त्यानं सुया दिल्या, औषध पाजलं आणि विचारलं, "मुसकी कुणी बांधली?"

"मी."

"बरं केलं मावशी. दाणा न्हाई, पेंड न्हाई. उद्यापासून नुसता कडबा."

"ते मला ठाऊक हाय. ही गाभण जगंल का ते सांग."

"उद्या रवंथ केला तर जगंल."

दुपारनंतर एक शेळी पडली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुसकी सोडली आणि समोर मूठ मूठ कडबा टाकला. सुनेची शेळी आधी नुसतीच हुंगत राहिली, मग दोन काड्या तिनं ओढल्या. उन्हं वर आल्यावर सुनेनं हाक मारली, "आत्याबाई, हिचं तोंड हलायलंय."

तिन्ही करडं आणि एक शेळी गेली. तीन शेळ्या जगल्या. सुनेची गाभण शेळी त्यातलीच एक.