शामभाऊंनी कापलेली एकच वायर

पावर हाउस भागातल्या बस अड्ड्यामागे शामसुंदर हिवरकरांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक लाकडी बाक आणि बॅटऱ्या चार्ज करायचं एक खोकं. मी पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा कारकून. पहिली पाळी सुटली की कॅम्प-1 वसाहतीत घरी जाण्याआधी मी त्या बाकावर तासभर टेकायचो. काम काहीच नसायचं. शामभाऊ गिऱ्हाइकांना झापायचे, ते ऐकायला मजा यायची.

सगळ्यात जास्त झापून घ्यायचे ते नव्या ट्रकवाले. त्या काळी, म्हणजे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत, नवा ट्रक कारखान्यातून नुसता सांगाडा होऊन यायचा आणि बॉडी इथे बांधली जायची. बॉडीला रंग लागला की मालकाला दम निघत नसे. पुढे रंगीत दिव्यांची माळ पाहिजे, गाणं म्हणणारा हॉर्न पाहिजे, आणखी काय काय पाहिजे. कंपनीच्या पुस्तकात मात्र साफ लिहिलेलं, की आमच्या वायरी कापल्या-जोडल्या तर गॅरंटी संपली. पुस्तक इंग्रजीत. मालक त्याला हळदकुंकू वाहायचे, वाचायचं कोणी नाही. शामभाऊंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं.

"कंपनीच्या वायरले मी कैची लावत नाही," ते गिऱ्हाइकाला सांगत. "तुले दिवे पायजेत ना? बॅटरीपासून वेगळी वायर आनतो, वेगळा फ्यूज देतो. दोन घंटे लागतीन. घाई असन तं दुसऱ्याकडे जाय."

बरेच जण जात. जाता जाता त्यांना 'गॅरंटी मास्तर' म्हणत. पण गॅरंटीची तपासणी करायला रायपूरहून कंपनीचा साहेब यायचा, तो शामभाऊंचं काम आहे एवढं कळलं की डॅशबोर्ड उघडूनही पाहत नसे. या एका गोष्टीचा शामभाऊंना फार अभिमान होता, आणि मला वाटतं तो असायलाच हवा होता.

नलू त्यांची धाकटी बहीण. तिचे यजमान चंपतराव प्लांटात माझ्यासारखेच कारकून. नोकरीत राहून धंदा करता येत नाही, म्हणून त्यांनी घेतलेला ट्रक नलूच्या नावावर होता. शेजारच्या दुर्ग शहरातल्या एका ठेकेदाराकडे रोज गिट्टी, म्हणजे खडी, टाकायचं काम ठरलं होतं. चंपतरावांनी नाव कागदापुरतं घातलं असेल, नलूनं ते खरंच धरलं. ट्रक माझा, असं ती भाजीवालीलाही सांगायची.

नव्या ट्रकची पूजा गुरुवारी होती. शामभाऊंनी बहिणीसाठी शेगावहून गजानन महाराजांचा फोटो आणला होता, तो डॅशबोर्डवर बसला. भटजी घड्याळ पाहू लागले. मुहूर्त टळायला वीस मिनिटं उरली होती, आणि तेवढ्यात नलूला आठवलं.

"दादा, महाराजांपुढे दिवा लागल्याबिगर गाडी हालाची नाही. अन् चावी काढली तरी तो इझाले नाही पायजे."

"वेगळी वायर टाकाले घंटा लागते, नलू."

"शामभाऊ, एवढ्याशा बल्बाले घंटा?" चंपतराव म्हणाले. जावयाचा शब्द, तोही चारचौघांत. नलू नुसती भावाकडे पाहत राहिली.

शामभाऊ डॅशबोर्डखाली वाकले. फ्यूजच्या आधीची, कायम करंट असलेली कंपनीची वायर त्यांनी कापली, बल्बाची वायर तिला जोडली आणि वर टेप गुंडाळला. सात मिनिटांत दिवा लागला, नारळ फुटला. मी बाजूलाच उभा होतो. बहिणीपुढे मास्तरकी चालली नाही, याचं मला हसू आलं.

पाचव्या आठवड्यात, गिट्टी घेऊन दुर्गकडे जाताना, डॅशबोर्डातून धूर निघाला. ड्रायव्हरनं बॅटरीची वायर उपटली म्हणून ट्रक वाचला. वायरिंग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जळालं, डायनामोही गेला. ट्रक ओढून दुकानासमोर आणला. शामभाऊ आत शिरले आणि थोड्या वेळानं बाहेर आले ते तळहातावर तो जोड घेऊन. पत्र्याच्या काठावर घासून टेप गेला होता आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं.

"महाच जोड हाये," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक.

"नालीत फेका," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो, लपवत नाही.

चंपतरावांचंही तेच. कंपनीनं गॅरंटीत सामान दिलं तर ट्रक चार दिवसांत उभा राहणार होता. नाही दिलं, तर ठेकेदार थांबणार नव्हता, त्याच्या दारात दुसरे ट्रक रांग लावून होते. "तुमचं काम साहेब उघडून पाह्यत नाही," चंपतराव म्हणाले. "तुमी फक्त चूप राहा, शामभाऊ. मंग सगळं होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. नलू आणि चंपतराव आधीच येऊन उभे होते.

"शामसुंदर, वायरिंग तुम्हारे हाथ का है?"

"हाँ साहब."

"फिर खोलकर क्या देखना. कंपनी का फॉल्ट लिख देता हूँ."

त्यानं फॉर्म भरला आणि सहीसाठी नलूपुढे धरला. नलूनं पेन हातात घेतलं. शामभाऊंनी खिशातून तो जळका जोड काढून फॉर्मवर ठेवला.

"साहब, ये जोड़ मेरा है. कंपनी की वायर मैंने काटी थी."

"तुमने?" साहेबानं एवढंच विचारलं. चिडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. त्यानं फॉर्मवर आडवी रेघ मारली. त्या दिवसापासून तो शामभाऊंच्याही गाड्या उघडून पाहू लागला. चंपतराव समोरचा चहा न पिता निघून गेले. खरं सांगतो, मलाही शामभाऊंचा राग आला होता.

'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,' असं अड्ड्यावर बोलून झालं. शामभाऊंनी बाहेरचं सगळं काम बंद केलं. नऊ दिवस ते त्या ट्रकखाली होते. सामान त्यांचं, मेहनत त्यांची. नलू रोज डबा घेऊन यायची. एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं, "दिवा तं मीच मांगतला होता, दादा. साहेबाले महं नाव कावून नाही सांगतलं?"

"कैची मह्या हातात होती," ते म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

दहाव्या दिवशी ट्रक सुरू झाला. ठेकेदाराचं काम तोवर गेलं होतं, चंपतरावांना नवं शोधावं लागणार होतं. त्यांनी किल्ली घेतली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा बोलले.

"मह्या पोटातला राग गेला नाही, शामभाऊ. जाईन असं वाटत बी नाही."

"राहू द्या, चंपतराव."

चंपतराव केबिनमध्ये चढले, दार लावलं आणि खिडकीतून पुन्हा वाकले. "पन ह्या गाडीले दुसऱ्या कोनाचा हात लागू देनार नाही मी. काई बी झालं तं तुमीच पाहजा."

ट्रक निघून गेला. शामभाऊ माझ्याकडे पाठ करून बॅटरीचं पाणी तपासू लागले. मला वाटलं, रडत आहेत. ते रडतच होते.