मुशीचं तेल आणि डुक्कर फियाटचे ब्रेक

“मी बसनार न्हाय. होरी डुबली त मना पवता येतं. ही गारी थांबली न्हाय त मी काय करू, सांग.”

कमरेवर हात ठेवून इंदुबाई हे बोलली ते नवऱ्याच्या पायांशी. बाकीचा नवरा गाडीखाली होता.

“थांबंल,” गाडीखालून आवाज आला.

“कवा?”

“बिरेक लावला का थांबंल.”

“बिरेक कुटं हाय?”

यावर खाली थोडा वेळ नुसती ठोकाठोक झाली. मग एक हात बाहेर आला आणि त्यानं गंजाचा भला मोठा पापुद्रा इंदुबाईच्या पायाशी ठेवला. तव्याला धरलेली भाकरी उलथन्यानं काढावी तसा.

“ह्यो निंगाला. आता बिरेक आत कुटंतरी असंल.”

रामनाथ हा चौकचा तांडेल. चौक म्हणजे चार रस्त्यांचा नव्हे, उत्तनपलीकडचा, दर्याच्या तोंडावरचा गाव. आणि तांडेल म्हणजे होडीवरचा कारभारी. तो म्हणेल तिकडे होडी जाते, तो म्हणेल तेव्हा जाळं पडतं. रामनाथाच्या एका शिवीवर अख्खी होडी हलायची. मग गुडघ्यानं दगा दिला, पुतण्यानं सुकाण हातात घेतलं आणि तांडेल घरी बसला. घरी त्याच्या शिवीवर कोंबडीसुद्धा हलेना. रिकामा तांडेल आणि ओहोटीत अडकलेली होडी, दोन्ही एका जातीची. कलंडलेली असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत येतात.

त्यात ही गाडी आली. भाईंदरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना रामनाथानं उभी हयात पापलेट खिलवलं होतं. डॉक्टर लेकाकडे नाशिकला निघाले तेव्हा खाडीकाठच्या चिंचेखाली त्यांची जुनी फियाट उभी होती. डुकरासारखं पुढं आलेलं तोंड, म्हणून सगळी मुंबई जिला डुक्कर फियाट म्हणते ती. “घेऊन जा रामनाथ,” डॉक्टर म्हणाले, “चिंचेला तरी मोकळा श्वास घेऊ दे.” टेम्पोला बांधून आणली. इंजिन रामनाथानं बघता बघता जागं केलं, कारण इंजिन म्हणजे इंजिन, होडीत काय आन् डुकरात काय. पण होडीला चाकं नसतात आणि ब्रेक तर नसतोच. गाडीच्या पुढच्या चाकांकडचा भाग त्याला नवा मुलूख होता, आणि तो मुलूख खाऱ्या वाऱ्यानं पार खाल्ला होता.

आता नुसती हौस असती तर गोष्ट वेगळी. पण रामनाथानं शब्द देऊन ठेवला होता.

त्याचं असं झालं. इंदुबाई आणि शेजारची विमलाबाई रोज टोपल्या घेऊन बसनं भाईंदरला उतरायच्या आणि तिथून मीरा रोडच्या नव्या बिल्डिंगींत मासळी विकायच्या. बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावत. लावोत बापडे. पण एकदा एका माणसाच्या इस्त्रीच्या विजारीवर टोपलीचं पाणी सांडलं, भांडण पेटलं आणि इंदुबाईला टोपलीसकट मिठागराजवळ उतरवलं. उन्हात बर्फ वितळला, पापलेटं मऊ पडली. ती घरी आली ती काही न बोलता. इंदुबाई बोलली नाही म्हणजे काय, हे रामनाथाला दर्या शांत झाला म्हणजे काय याइतकंच ठाऊक होतं. तो उठला, बंदरावर गेला आणि जाळी विणत बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, “शिमग्याच्या आदी माजी इंदू गारीतशी मीरा रोडला जाईल. न्हाय गेली त तिची टोपली मी माज्या डोकीवर वाहीन.”

बंदर खूश झालं. बंदराला तांडेल गाडीत बघायचा नव्हता, टोपलीखाली बघायचा होता.

म्हणून ही खटपट. पुढची चाकं काढली. ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकामागचे ते लोखंडी डबे, इतके गंजले होते की रॉकेल पाजून, लाकडी मोगरीनं बडवून आणि सगळ्या आळीचे सल्ले ऐकूनसुद्धा हलेनात. आळी जेवायला गेली तेव्हा आपसूक निघाले. पुढच्या स्प्रिंगा तर दाबून ठेवलेल्या सापासारख्या. सुटली तर दात पाडील. रामनाथानं त्यांना होडीच्या दोरानं असे काही वेढे घातले, अशी गाठ मारली, की ती स्प्रिंग बिचारी कुरकुरत, शिस्तीत बाहेर आली. स्प्रिंगा, त्यांना धरणारे आर्म, ड्रम, सगळं त्यानं खरवडलं. होडीच्या बुडाची शिंपलं खरवडायची पट्टी होतीच. आतलं लोखंड बाहेर आलं तेव्हा त्याला आपल्या तरण्या दिवसांतलं काहीतरी बघितल्यासारखं वाटलं.

मग त्यानं मुशीचं तेल काढलं.

मुशी म्हणजे शार्क मासा. तिच्या कलेजीचं तेल कढवून होडीला लावायचं ही वाडवडिलांची रीत. लाकूड कुजत नाही, खिळा गंजत नाही. आणि त्यातला मुख्य नियम असा की बोटभर जागा कोरडी सोडायची नाही. कोरडं राहील तिथनं दर्या आत शिरतो. जो तांडेल कोपरा सोडतो त्याला लोक नाव ठेवतात, आणि ते नाव पोराबाळांना पुरतं.

रामनाथानं हात पोचेल तिथला कोपरा सोडला नाही. आर्मला तेल, स्प्रिंगांना तेल, गाडीच्या बुडाला तेल, सीटखालच्या तारांना तेल. आणि ड्रमच्या आत जे दोन अर्धचंद्र ब्रेक धरतात, ज्यांना लायनर, म्हणजे घासून चाक अडवणाऱ्या पट्ट्या, बसवलेले असतात, ते तर त्यानं तेलाच्या डब्यातच बुडवून ठेवले. चांगले मुरू दिले, आईनं लोणचं मुरवावं तसे.

वास आळीभर पसरला. मांजरं चिंबोऱ्यांवरून उठून गाडीखाली येऊन बसली.

“आता बस,” रामनाथ इंदुबाईला म्हणाला.

“आदी विमलीला बसव.”

विमलाबाई एका पायावर तयार. तिनं साडी बदलली, कानात सोन्याच्या कुड्या घातल्या आणि पुढच्या सीटवर अशी बसली की वरात तिचीच आहे. गावाबाहेरच्या उतारावर वळून गाडी परत बंदराकडे आणायची असा बेत होता. चढताना गाडी गुणाची होती. उतरताना रामनाथानं ब्रेक दाबला. पाय खाली गेला. गाडीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

“तांडेल,” विमलाबाई पुढं बघत म्हणाली, “थोरं सावकास.”

“सावकासच हाय.”

“वाराच जास्त लागतंय मंग.”

रामनाथानं होडीचं डोकं चालवलं. होडी काठाला लावायची तर लांबूनच इंजिन बंद करायचं आणि अंदाजानं वाहत यायचं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गेलं, गाडी मात्र आणखी हलकी होऊन पळू लागली. समोर एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला वाळूत बांबू रोवून दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. तांडेलानं दर्याला मान दिला आणि सुकाण बोंबलांकडे वळवलं.

बांबू मोडत गेले, दोऱ्या काचेवर आल्या, आणि वाळूनं गाडीला शेवटी धरलं. गाडी थांबली तेव्हा तिच्या डुकरतोंडावर बोंबलांच्या माळा होत्या, आरशांवर होत्या, एक विमलाबाईच्या मांडीवर होती. तिनं ती उचलून निरखली.

“माजंच हायत,” ती म्हणाली.

इंदुबाई धावत आली. तिनं आधी विमलाबाईला बघितलं, मग बोंबलांना, मग नवऱ्याला. “बरं झालं,” ती म्हणाली, “मी बसली असती त मना उतरायला जागा न्हवती.”

शिमगा तोंडावर आला होता. बंदरावर तर एकानं टोपलीखाली ठेवायची चुंबळ वळायलाही घेतली होती. रामनाथानं तेव्हा कोणाकडे बघितलं नाही. दुसऱ्या सकाळी गाडी लाकडांवर चढवली, ड्रम आणि आतले अर्धचंद्र खोलले, आणि जड सामान न्यायला घरात दुसरं काही नव्हतं म्हणून इंदुबाईच्याच टोपलीत घातले. बस पकडली. मीरा रोडला तात्यारावाचं ब्रेकचं दुकान होतं, तिकडे निघाला.

मासळीचा वास लोकांना ओळखीचा असतो. मुरलेल्या मुशीच्या तेलाचा नसतो. बसमध्ये आधी एक खिडकी उघडली, मग सगळ्या उघडल्या. एका बाईनं विचारलं, “मामा, काय मेलंय हो टोपलीत?”

“बिरेक,” रामनाथ खरं ते बोलला.

भाईंदरपर्यंत त्याला लोकांनी सहन केलं. पुढं रिक्षावाल्यांनी केलं नाही. एकानं “काका, ये माल अपने में नहीं जायेगा” म्हणत रिक्षा अशी पळवली की उतरलेल्या गिऱ्हाइकाकडून सुटे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मग रामनाथानं खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि गुडघ्याला शिव्या देत मीरा रोडची वाट धरली. मागे मांजरं. पूनम सागर वसाहतीच्या बाजूला नुकत्या उभ्या राहिलेल्या एका बिल्डिंगीच्या गॅलरीतून हाक आली, “ओ मावशी... अगोबाई, मामा, सुरमई आहे का?”

“न्हाय.”

“मग काय आहे?”

“लोखंड हाय.”

“ताजं आहे का?” वरून कोणीतरी हसत विचारलं.

रामनाथ थांबला नाही. पण इंदू रोज एवढं सगळं ऐकून घरी येते आणि वर भात शिजवते, हे त्याच्या डोक्यात टोपलीच्या वजनासकट बसलं.

तात्याराव लातूरकडचा. त्यानं टोपलीत डोकावलं आणि तितक्याच वेगानं मान मागं घेतली.

“तांडेल, हे काय केलाव वो? ब्रेकला तेल पाजलाव?”

“सगल्यांना पाजलं. कोरडं ठेवलं त दर्या खातो.”

“आवो, ब्रेकचं काम आडवायचं आसतंय. तेलाचं काम सरकवायचं. तुमी पोलिसाला चोराच्या घरी जेवायला बशिवलाव की.”

“मंग गंजू द्याचं काय?”

“भाईरून लावा की काय लावायचं ते. आतलं, लायनर घासतंय तेवढं, कोरडं पायजे. खडखडीत.”

रामनाथाला ते पचेना. बोटभर जागा कोरडी सोडायची, तीही आपण होऊन? हे म्हणजे होडीला स्वतःच्या हातानं भोक पाडणं. तो वाद घालत राहिला, आणि तात्याराव तोंडाला फडकं बांधून जुने लायनर काढत राहिला. ते तेलानं एवढे फुगले होते की त्यांचं कोणी कालवण केलं असतं. नवे लायनर रिबिट मारून बसवले, ड्रम पेट्रोलनं धुऊन आतून घासले. मग तात्यारावानं ड्रमचं बाहेरचं अंग बोटानं चाचपलं, पुन्हा चाचपलं.

“भाईरून मात्र गंजाचा कण नाही वो,” तो जरा नाखुशीनं म्हणाला. “कोणतं तेल म्हणलाव?”

“मुशीचं.”

“बाटलीभर आणा पुढच्या टायमाला. बूच घट्ट लावून.”

शिमग्याच्या आदल्या दिवशी गाडी पुन्हा चार चाकांवर उभी राहिली. ब्रेक लागतो हे रामनाथानं शपथेवर सांगितलं. इंदुबाईचा शपथेवर विश्वास नव्हता. ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन त्याच उताराच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली.

“ये,” ती म्हणाली.

“बाजूला हो गो.”

“बाजूला होयाचं आसतं त बिरेक कशाला पायजे? ये.”

बंदर येऊन दोन्ही अंगांना उभं राहिलं. रामनाथानं सुकाण दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दर्यात वादळात सापडला होता तेव्हाही एवढं घट्ट धरलं नव्हतं. गाडी उताराला लागली. इंदुबाई डोळे मिटून उभी नव्हती, चांगले वटारून उभी होती. रामनाथानं ब्रेकवर पाय नव्हे, सगळा जन्म दाबला. पुढची चाकं किंचाळली, गाडीनं नाक खाली घातलं, आणि डुकराचं तोंड इंदुबाईच्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. टोपलीतलं एक पापलेट तेवढं बॉनेटवर पडलं.

तिनं ते उचललं, पदरानं पुसलं, टोपलीत टाकलं. गाडीला वळसा घालून आली, दार उघडलं, एक पाय आत ठेवला. आणि पदर नाकाला लावला.

जिनं जन्मभर मासळी विकली, तिनं नाक धरलं. लोकांनी बघितलं.

“ह्या वासात मी एक घटका बसली,” ती म्हणाली, “त मीरा रोडची बाई बोलंल, इंदूची मासली नासली. धंदा बसंल माजा.”

“वास जाईल.”

“कवा?”

मुशीचं तेल कसं टिकतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यानं खिडक्यांच्या काचा खाली केल्या. बंदराच्या तोंडावर हसू जमायला लागलं. चुंबळवाला पुढं सरकला.

इंदुबाईनं बंदराकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग टोपलीवर केळीचं पान बांधून, झाकण लावून ती तिनं गाडीच्या मागच्या डिकीत ठेवली, जिथं तांडेलाचा तेलाचा हात पोचला नव्हता. “टोपली तू ने. पूनम सागरच्या गेटवर थांब. मी बसनं येतंय.”

“आगो पन मी बोललोय, तू गारीतशी जाशील.”

“न्हाय गेली त टोपली तू वाहशील, आसं पन बोललास. मंग वाह. डोकीवर वाह, न्हायतर डुकराच्या डोकीवर.”

चुंबळवाल्यानं चुंबळ सोडली आणि तिचा पंचा करून तोंड पुसलं.

इंदुबाई त्या दिवशी बसमध्ये रिकाम्या हातानं चढली. खिडकीजवळ बसली. शेजारच्या माणसाच्या डोक्याला खोबरेल लावलेलं होतं. तिनं हळूच पदर नाकाला लावला आणि त्याला म्हणाली, “जरा तिकरं सरक.”

रामनाथ तिच्या आधी पोचला होता. गेटवर त्यानं टोपली उतरवून दिली. ती “पापलेट, सुरमय” करत आत गेली, तसा त्यानं गाडीला एक फेरी मारून खालून वाकून बघितलं. पुढची बाजू आता ठीक होती. मागच्या चाकांकडे अजून कोणी बघितलंच नव्हतं. त्यानं खांद्यावरचा पंचा रस्त्यावर अंथरला, खरवडायची पट्टी घेतली आणि पाय बाहेर ठेवून गाडीखाली शिरला.