लाल खुणेवर आलेलं पाणी

माझी ओळख आधी करून देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळा समजणार नाही. अंगात आलेल्या बाईसमोर उभा राहून मी पत्रकं वाटली आहेत. चौकात ठेवलेल्या उताऱ्यातलं लिंबू उचलून त्याचं सरबत प्यायलो आहे. आमच्या मंडळाच्या पत्रकावर ठळक अक्षरांत एक ओळ असायची, माझीच — ‘कारण सांगता येत नसेल, तर मानू नका.’ आजही मी देवळात जात नाही. हे वाचून कोणाला भूतप्रेत सिद्ध करायचं असेल, तर त्याने कृपा करून दुसरीकडे बघावं.

पण घडलं ते घडलं...

गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडचं, नाव देत नाही. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना आहे. नवं राज्य आलं, नवी भाषणं आली, पण साखरेच्या बिमारीचं रक्त तपासायला माणूस एसटीत घालून बुलढाण्याला न्यावा लागायचा. आम्ही सह्या गोळा केल्या, ट्रस्टींच्या दारात बसलो, तेव्हा कुठे दवाखान्यात मशीन आलं. पेटीएवढं. आत दिवा, दिव्यापुढे रंगीत काच, काचेपुढे रक्ताची नळी आणि तिच्यात किती उजेड अडला ते दाखवणारा काटा. रक्तात औषध घालून नळी पाण्यात ठेवायची. साखर जास्त तर रंग गडद, काटा पुढे.

ते औषध सजीवांपासून काढलेलं असतं, आणि ते अंगाच्या उबेलाच नीट चालतं. म्हणून पाणीही अंगाइतकंच कोमट लागतं. शिकवायला आलेला माणूस ऐन थंडीत आला. स्पिरिटचा दिवा पाण्याखाली लावून त्याने दाखवलं, थर्मामीटरवर लाल खूण केली, म्हणाला, पारा इथपर्यंत आला पाहिजे. आणि गेला.

बुलढाण्याला घाटावर हवा तरी असते. आमच्याकडे खाली मे महिन्यात टिनाच्या खोलीत माणूस भाजून निघतो. लॅब सांभाळणारे किसनराव उलट खूश होते. मला म्हणाले, “आता दिवा लावाची गरजच नाही भाऊ. टाकीतून पाणी घ्या, खुणेच्या वरच. फुकटात काम.”

पाणी तापवायचं सगळ्यांना शिकवलं होतं. गार करायचं कोणी शिकवलंच नव्हतं. आमच्या गावात गार पाणी प्यायचं असतं, नाहीतर वाळ्याच्या ताटीवर मारायचं असतं. मशीनला गार पाणी लागेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

माझी थोरली बहीण विमलताई त्याच आठवड्यात तिथे भरती झाली. पायाची जखम भरत नव्हती. मी गेलो की खाटेवरून म्हणायची, “आला का देव बुडवणारा? काऊन बे, सरबताले लिंबू भेटलं का आज?”

त्या दिवशी सकाळचं रीडिंग फार वर आलं. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं. दुपार होता होता ताईचं बोलणं अडखळायला लागलं. मला तिने दोनदा बाबा म्हणून हाक मारली. बाबा जाऊन किती वर्षं झाली. अंग घामाने निथळत होतं, पण त्या उन्हात कोण निथळत नव्हतं? डॉक्टर म्हणाले, “साखर अजून चढली असेल. पुन्हा तपासा, मग दुसरं इंजेक्शन देतो.”

रक्त घेऊन मी स्वतः किसनरावांकडे गेलो. त्यांनी नळी पाण्यात सोडली. पारा खुणेच्या बराच वर. आम्ही दोघं स्टुलांवर बसलो. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, वर टिन कडकड वाजत होतं, सदरा पाठीला चिकटला होता.

किसनराव अचानक म्हणाले, “हे पाह्य बरं. पारा खाली येऊन राह्यला.”

मी वाकून पाहिलं. पारा खरंच उतरत होता... सावकाश, पण डोळ्यांना दिसेल असा. लाल खुणेवर आला आणि थांबला. मी पाण्यात बोट घातलं. बोटाला काहीच लागलं नाही. गरम नाही, गार नाही. आपलंच बोट आपल्या तोंडात घालावं तसं. खोली तशीच भट्टी होती. पाण्यात कोणी काही ओतलं नव्हतं. तिथे आम्ही दोघंच होतो आणि दोघंही जागेवर बसून होतो. नळी बाहेर काढेपर्यंत पारा खुणेवरून हलला नाही.

मशीनमध्ये नळी घातली. काटा जेमतेम उठला. सकाळी चढलेली दिसलेली साखर आता पार तळाला होती.

मला तिथेच कळलं. सकाळी पाणी अति गरम होतं, म्हणून औषध जोरात चाललं आणि रंग भडक आला. ताईला साखर चढलेली नव्हती. इन्सुलिनने ती बुडत होती.

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पाण्यात बर्फ टाकला होता?”

“नाही.”

“माठातलं पाणी?”

“नाही. आपोआप उतरलं. किसनरावांना विचारा.”

“हाव साहेब,” किसनराव म्हणाले, “माह्या डोयानं पाह्यलं.”

“या उन्हात पाणी आपोआप गार होतं? कारण काय?”

मी पुन्हा तेच सांगितलं, उतरलं, आपोआप उतरलं.

“अरे, तुमचंच पत्रक आहे ना? ते वाचूनच मी तुमच्या सभेला आलो होतो.” टोमणा नव्हता त्यात, खरंच वाईट वाटून बोलले ते. “पुन्हा करा. दोन्ही वेळा सारखं आलं तर मानतो.”

मी म्हणालो, मग माठातलं पाणी घालून करू. ते म्हणाले, “नाही. सकाळी केलं तसंच करा. पद्धत बदलली तर ताडून काय पाहणार?” मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. हेच मला आजही जाळतं.

उरलेल्या रक्ताची दुसरी नळी पाण्यात गेली. पारा पुन्हा सकाळपेक्षाही वर चढलेला होता, जणू कधी उतरलाच नव्हता. मी वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा कशाचीतरी हात जोडून वाट पाहिली. किसनराव म्हणाले, “उतर न बापा, उतर.” पारा जागचा हलला नाही. काटा सकाळच्याच ठिकाणी जाऊन थांबला.

डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन भरलं. मी आडवा गेलो, तर शिपायाने मला धरून बाहेर नेलं. मी गुळाचं पाणी आणलं, ते खाटेपर्यंत जाऊ दिलं नाही — साखरेच्या पेशंटला गूळ? तोवर ताईला गिळताही येत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

आता उन्हाळ्यात तिथे पाण्यात बर्फ टाकतात. लग्नाच्या सरबतासाठी खामगावहून लाद्या येतात, त्यातलाच. त्यासाठी मी नवं पत्रक काढलं, भांडलो, ट्रस्टींनी ऐकलं. त्या पत्रकात मशीन आहे, औषध आहे, ऊन आहे. ती दुपार मात्र नाही. काय लिहिणार होतो?

थर्मामीटर बिघडला म्हणा, तर मग माझं बोट? आम्हाला भास झाला म्हणा, तर मग काटा? भास दोघांना होईल, मशीनला कसा होईल? त्यानंतर कितीतरी दुपारी मी त्या खोलीत त्याच टाकीचं पाणी घेऊन बसलो. पारा कधी उतरला नाही.

ते काय होतं, मला माहीत नाही. कोणी होतं की काहीच नव्हतं, तेही माहीत नाही. एकच विचारायचं आहे, आणि ते कोणाला विचारायचं हेही कळत नाही... एकदा जमलं होतं, तर दुसऱ्यांदा का नाही?