मारुतीच्या ओसरीतलं कुलूप

त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं होतं. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात भजन चालू असताना माझे यजमान बसल्या जागी कोसळले. तिरोड्याहून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या काही मिनिटांत हृदयाला शॉक मिळाला असता तर कदाचित वाचले असते. तसं यंत्र असतं, शिकवलं तर कुणालाही वापरता येतं." घरी येताना माझ्या मनात एकच होतं. ज्यानं आयुष्यभर तुझं नाव घेतलं, त्याला तुझ्याच दारात एवढं मिळू नये?

मी अंगणवाडी सेविका. घरन् घर ओळखीचं, म्हणून देवळात तसं यंत्र ठेवायच्या वर्गणीला मीच निघाले. देवळाच्या नव्या कमानीसाठी गावानं हात सैल सोडला होता. मी यंत्राचं नाव काढलं की दारं लोटली जायची. देवस्थानचे अध्यक्ष तर चारचौघांत म्हणाले, "देवाच्या दारात मरनाची मशीन कायले ठेवाची, बाई?" मागून कुणीतरी बोललं, "नवऱ्याच्या नावानं मागून रायली." त्या दिवशी मी मूर्तीकडे पाठ करून घरी आले. शेवटी दिलं ते बिड्या वळणाऱ्या बायांनी, राइस मिलच्या हमालांनी आणि बोदलकसा तलावावरच्या धीवरांनी. त्यांच्या घरातली माणसंही अशीच गेली होती, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

यंत्र आलं, घेऊन येणाऱ्यानं मला ते वापरायला शिकवलं. अध्यक्षांनी हार घालून घेतले, फोटो काढले आणि ओसरीतल्या लोखंडी कपाटात ते ठेवून कुलूप ठोकलं. "चोरी जाईन," म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात. मी हात जोडले, भांडले, ओरडले. कुणी ऐकलं नाही.

पुढं एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मासे विकणारे रामलालभाऊ देवळाच्या पायरीशी धाडकन पडले. श्वास नाही. अध्यक्ष लग्नाला गोंदियाला गेलेले, किल्लीसकट. मी गाभाऱ्याकडे तोंड करून ओरडले, "पाहून काय रायला? आणखी किती नेशील?"

समोर एसटी थांबली होती. पाणी प्यायला उतरलेली एक अनोळखी बाई गर्दीतून घुसली. हातातली पिशवी तिनं तिथंच टाकली आणि ती रामलालभाऊंची छाती दाबायला लागली. मी ओरडले, "मशीन कपाटात आहे, कुलूप आहे!" वर न बघता ती म्हणाली, "ताला तोड़ो. मैं दबा रही हूँ."

देवापुढं नारळ फोडायचा दगड मी उचलला. माझ्या मनगटात एवढा जोर कधीच नव्हता. कुलूप एका घावात तुटलं. यंत्र इंग्रजीत बोलू लागलं आणि मला शिकवलेलं सगळं मी विसरले. तिला समजत होतं. तिनं पट्ट्या छातीवर चिकटवल्या, सगळ्यांना मागे सारलं, मला बटण दाखवलं. ते मी दाबलं. ती पुन्हा छाती दाबू लागली. थोड्या वेळानं रामलालभाऊ कण्हले.

अँब्युलन्स आली. त्या गडबडीत एसटीनं हॉर्न दिला आणि ती बाई निघून गेली. नर्स होती का, कुठली होती, कुणाला ठाऊक नाही. मी नावही विचारलं नाही. लोक काय काय म्हणतात, मी वाद घालत नाही. मी हाक मारली आणि ती उतरली, एवढंच मी पाहिलं.

नंतर बैठकीत अध्यक्षांनी मलाच विचारलं, "देवस्थानचं कुलूप काऊन फोडलं?" मी उत्तर द्यायला उठणार होते. पण त्याआधी रामलालभाऊंची बायको उठली. "माह्या मानसाले घरी आनासाठी फोडलं. आता लावून दाखवा." 

त्या संध्याकाळी मी बऱ्याच महिन्यांनी गाभाऱ्यासमोर बसले. यजमानांना का नेलंस, याचं उत्तर मिळालं नाही. ते मागायचं मी थांबवलं. आधी भांडले, मग रडले, मग डोकं टेकलं. माझा राग त्यानं काढून घेतला नाही, कामाला लावला, असं मला वाटतं. कपाट आज उघडं असतं. समिती बदलली की कुणीतरी पुन्हा कुलूप आणील, हे मला माहीत आहे. आणू दे. मी पुन्हा फोडीन, आणि या वेळी मारुतीचं नाव घेऊन फोडीन.